शून्यावर न येणारा काटा

३ नोव्हेंबर १९९३

आज सकाळी टेम्पोतून सामान उतरवायच्या आधी मी खोलीची दोन्ही दारं उघडली, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि कोनाड्यात तथागतांची छोटी मूर्ती ठेवली. मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि मगच चांगुणाला आत ये म्हणालो. ती बाहेर लिंबाखाली काखेत स्टोव्ह धरून उभी होती. म्हणाली, “बुद्धाला घर मिळालं, आता आमाला बी मिळू द्या.” टेम्पोवाला हसला. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी मोकळं हसलो.

जागा राहुरीच्या थोडी बाहेर आहे. पूर्वी इथे एका खाजगी फार्मचा बेणेमळा होता, म्हणजे लागणीसाठी उसाचं बेणं तयार करायचा मळा. तो बंद पडला. आता पुण्याच्या एका ट्रस्टने बंगली घेऊन तिच्यात माती-पाणी तपासायची प्रयोगशाळा केली आहे. बंगलीमागच्या या दोन खोल्या कामगारासाठी, म्हणजे माझ्यासाठी. शेवगावच्या शाळेत मी प्रयोगशाळा परिचर होतो. विज्ञानाच्या तुकड्या कमी झाल्या तशी माझी जागाही गेली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आता कोण घेणार असं वाटत होतं. इथल्या प्रमुख डॉ. वृषाली मॅडमनी घेतलं.

भिंती मातीच्या आहेत, पण पांढऱ्या मातीने इतक्या सुरेख लिंपलेल्या की हात फिरवत राहावं. शेजारच्या शेडची चौकट वाळवीने पार पोखरली आहे, बोट आत जातं. आमच्या खोल्यांना मात्र वाळवीची एक रेघ नाही. चांगुणाने भिंतीला गाल लावून पाहिला. म्हणाली, “थंडगार हाय. पोरीला बरं वाटंल.”

आमची प्रज्ञा श्रीगोंद्याला दिली आहे. पहिलटकरीण आहे. सातव्यात बाळंतपणाला इथेच येईल. माझा नातू किंवा नात या भिंतींच्या आत पहिलं रडेल. म्हणून या दोन खोल्यांचं एवढं अप्रूप.

समोरच्या बांधाकडेला मुबारकबी नावाची म्हातारी शेळ्या पाळून राहते. तिने भाकरी आणि ठेचा आणून उंबऱ्यावर ठेवला. आत या म्हटलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. आणि बांध चढून तरातरा गेली.

९ नोव्हेंबर

मॅडमनी आज यंत्र नीट समजावलं. मला त्याचा नाद लागणार असं दिसतं.

विहिरीचं पाणी, माती, मासा, काहीही असो, त्यात पारा किती हे ते सांगतं. किती म्हणजे अब्जात एक भाग असला तरी. आधी नमुन्यावर आम्लं घालायची, जांभळं परमँगनेट घालायचं आणि बाटली गरम पाण्यात ठेवायची. रंग टिकला पाहिजे. उडाला तर अजून घालायचं. त्यात माती, मांस सगळं विरघळून जातं आणि पारा पाण्यात मोकळा होतो. मग उरलेला रंग घालवून कथिलाचा एक क्षार टाकायचा आणि तळातून हवेचे बुडबुडे सोडायचे. त्या हवेबरोबर पारा वाफ होऊन वर येतो. बाकीच्या धातूंना ज्योत लागते, हा एकटाच थंड असतानाच उडतो.

ती हवा एका लांब काचेच्या नळीतून जाते. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला यंत्राचा डोळा. दिव्याचा तो उजेड आपल्याला दिसत नाही, पण पाऱ्याला दिसतो. पाऱ्याचे कण नेमका तेवढाच उजेड गिळतात. जेवढा गिळला तेवढा पारा. काटा उचलतो आणि कागदाच्या पट्टीवर पेन डोंगर काढतं.

सगळ्यांच्या आधी कोरा नमुना चालवायचा. त्यात सगळी औषधं असतात, फक्त नमुना नसतो. तिथे काटा शून्यावर राहिला तरच पुढचं खरं. हे मला फार आवडलं. इगतपुरीला दहा दिवस ध्यानाला बसलो होतो तेव्हा आचार्यांनी हेच शिकवलं होतं. आधी नुसता श्वास बघा. आत आला, बाहेर गेला. त्यात आपलं काही घालू नका.

१८ नोव्हेंबर

कोरा नमुना शून्यावर येत नाही.

मॅडमनी चालवला की येतो. मी चालवला की काटा वर सरकतो. थोडाच, पण सरकतो. बाटल्या आम्लात भिजवून पुन्हा धुतल्या, नळ्या बदलल्या. मॅडम चेष्टेने म्हणाल्या, “कोंडीराम, तुम्ही जवळ आलात की मशीन लाजतंय.” दुपारी मी नुसता शेजारी उभा राहिलो, हातही लावला नव्हता. काटा हलला. मी दाराबाहेर गेलो. थोड्या वेळाने त्यांनी आतून सांगितलं, आला शून्यावर.

हसलो दोघंही. पण घरी येऊन मी हात बराच वेळ धूत होतो.

२८ नोव्हेंबर

प्रज्ञा आली. जावई सम्राट सोडायला आला होता, चहा घेऊन लगेच गेला. पोर तोंडावरून उजळली आहे. आल्या आल्या भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, “आप्पा, काय वास येतो हो या भिंतीला! गोड.” चांगुणाने तिची दृष्ट काढायला मीठ हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून परत ठेवलं. मला हे चालत नाही, तिला माहीत आहे.

मला तो वास येत नाही. मला हल्ली तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, कशालाही.

६ डिसेंबर

पांढरे कपडे घालून गावातल्या विहारात वंदनेला गेलो. परत येताना आमच्या मागच्या भिंतीशी एक बाई उभी दिसली. पन्नाशीची असेल. पाय फाकवून, दारू प्यायल्यासारखी डुलत. भिंतीला हात लावायला जायची तर हात बाजूला हवेत जायचा. मी बाई म्हणून हाक मारली. तिने माझ्या दिशेला मान वळवली, पण मी अगदी समोर येईपर्यंत तिला दिसलोच नाही. तोंडातून शब्द नाही, नुसती लाळ आणि ओरडल्यासारखा घुमा आवाज.

मुबारकबी धावत आली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली. नंतर तिच्याकडून कळलं. ती साळूबाई. आधी याच खोल्यांत राहायची. नवरा आसाराम बेणेमळ्यावर मुकादम होता. तो असाच लटपटत गेला, ही अशी झाली. आता वस्तीवर भावाकडे असते आणि त्याची नजर चुकवून इथे येते. मुबारकबी म्हणाली, “बाधा हाय हितं. जो ऱ्हायला त्येचे पाय जात्यात, मग जीभ जाती. तुमी देवाचं मानत न्हाई, पर पोरीला तरी हलवा, भाऊ.”

मी सांगितलं, आम्ही भूत मानत नाही. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मी हात पाठीमागे घेतले.

१३ डिसेंबर

भिंतीवर ओरखडे आहेत.

आतल्या खोलीत, प्रज्ञाच्या अंथरुणाच्या वर. बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. पहिल्यांदा वाटलं जुने असतील, साळूबाईचे. पण परवा नव्हते. आज कालच्यापेक्षा जास्त आहेत. खाली जमिनीवर माती पडलेली नाही. कोरून काढलेली माती गेली कुठे?

घूस म्हणावी तर घुशीचं काम असं रांगेत नसतं.

आज पिपेट धरताना आम्ल दोनदा टेबलावर सांडलं. ध्यानाला बसलो. आत आला, बाहेर गेला. वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श बघायचा असतो. ओठच लागत नव्हता. बधिर. मी डोळे उघडले आणि भर दुपारी स्वतःच्या घरात भ्यालो. समोर भिंत. मला वाटलं ती माझ्याकडे बघते आहे. हे लिहितानाही लाज वाटते.

१७ डिसेंबर

आज धीर करून मॅडमना सगळं सांगितलं. हात, जीभ, साळूबाई, ओरखडे. त्या हसल्या नाहीत. मला यंत्राच्या हवेच्या नळीजवळ तोंड नेऊन हळू श्वास सोडायला सांगितलं.

सोडला.

काटा वर गेला. तिथेच राहिला.

जो श्वास इतकी वर्षं बघत बसलो, त्यात ते होतं.

मॅडम म्हणाल्या, मशीन तुम्हाला लाजत नव्हतं, कोंडीराम. ते तुम्हाला मोजत होतं. मग त्यांनी विचारलं, घरात असं काय आहे? मी घरी गेलो, भिंतीवरची चिमूटभर पांढरी माती कागदात आणली. आम्ल, परमँगनेट, गरम पाणी. बुडबुडे सोडले आणि पेन पट्टीच्या काठावर जाऊन आदळलं. खाली येईना. टक् टक् टक् काठावर वाजत राहिलं. मॅडमनी तो नमुना पाणी घालून पातळ केला, पुन्हा केला. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

खोल्या आत्ताच्या आत्ता सोडा म्हणाल्या. बंगलीचा व्हरांडा दिला. आम्ही तासाभरात आलो. प्रज्ञा रडत होती. तिला खोली सोडवेना.

१९ डिसेंबर

मुबारकबीने सांगितलं.

मळ्यावर बेण्याच्या कांड्या लाल औषधाच्या पाण्यात बुडवायचे, कीड-बुरशी लागू नये म्हणून. बायका उघड्या हाताने बुडवायच्या. साळूबाई पहिली. हंगाम संपला की हौदात औषध उरायचं. टाकवेना. आसारामने ते भिंतीच्या मातीत कालवलं, वर पांढरी माती लिंपली. वाळवी लागली नाही. लोक बघायला आले, आसारामचं डोकं म्हणून वाखाणलं. दर दिवाळीला तो तसंच लिंपायचा. मुबारकबीनेही मागितलं होतं, तिला मिळालं नाही. “त्येच्याशी भांडले व्हते मी त्यापायी,” म्हणाली, आणि तोंडावर पदर घेतला.

त्या औषधात पारा होता, मॅडम म्हणाल्या. औषध म्हणा किंवा बाधा, नाव काही द्या. हे भूत मोजता येतं. मोजता आलं म्हणून भीती कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

२० डिसेंबर

बारा-साडेबाराची वेळ. प्रज्ञा व्हरांड्यात नव्हती. आंघोळीला गेली असेल म्हणून मागे गेलो. खोल्यांना मी घातलेली कडी काढलेली.

आत ती भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली होती. केसातला आकडा हातात. भिंत खरवडायची, तळहातावर झेलायची, तोंडात टाकायची. डोळे मिटलेले. मूल आईच्या अंगाशी पितं तशी शांत. ओठ पांढरे झालेले.

मी ओरडलो असेन. तिने वळून बघितलं आणि हसली. “आप्पा, तुमच्या मशीनला काय कळतंय, कसली गोड लागते!”

२१ डिसेंबर

चांगुणाला माहीत होतं. डोहाळे आहेत म्हणाली. “मी न्हाई का खाल्ली भुई, हिच्या वक्ताला? सगळ्याच खात्यात.” मग मी तिला ती पट्टी दाखवली, काठावर आदळलेली. तिला वाचता येत नाही पण ती खाली बसली.

मॅडमनी नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पोटात बाळ असताना औषध देणं धोक्याचं. यापुढे तिच्या पोटात जाऊ न देणं हाच उपाय. आणि म्हणाले, हे विष आईच्या आधी पोराला धरतं.

प्रज्ञाने माझ्या पायाला हात लावून शपथ घेतली. नाही खाणार.

२३ डिसेंबर

खाल्ली.

मी कुलूप घातलं होतं. तिने बाहेरून खरवडली. मागची भिंत. साळूबाई उभी होती तिथेच.

रडते, माफी मागते, आणि तोंडात —

भिंत पाडू म्हटलं. मॅडम नको म्हणाल्या. धूळ उडेल, सगळ्यांच्या छातीत जाईल. पुण्याहून माणसं येऊन नीट काढतील. कधी?

२४ डिसेंबर

तिचा कंगवा घेऊन प्रयोगशाळेत गेलो. केसही नमुना म्हणून घालता येतात. माझेही घातले.

माझ्यापेक्षा कमी आहे तिचं. कमी. पण किती कमी असलं म्हणजे बाळ वाचतं, ते काटा सांगत नाही. मॅडमही सांगत नाहीत.

हात — अक्षर बघा. मला वाकडं दिसतंय की वाकडं आहे.

२६ डिसेंबर

तिची पेटी उघडली. बाळाची टोपडी, झबली, चांगुणाने शिवलेली. एका टोपड्यात पांढरी माती. दाबून भरलेली. दुसऱ्यात. लंगोटांच्या घडीत. पदराच्या गाठीत.

मी सगळं अंगणात — नाही, अंगणात नाही. मॅडमच्या झाकणाच्या डब्यात टाकलं.

रात्रभर विचार. ती इथे असेपर्यंत खाईल. दुसरीकडे नेली तर परत येईल. समजावलं तरी येतेच. शपथ घेऊनही येते. एकच वाट आहे, तिचं मन इथून कायमचं उठलं पाहिजे. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक कुणी परत धाडत नाही. श्रीगोंद्याला म्हणतील आई-बापाला जेवू घालणं झेपलं नाही. चांगुणा माझ्याशी बोलणार नाही. प्रज्ञा पुन्हा या दारात पाऊल —

तेच हवं.

मी कुणाला कधी कडू बोललो नाही. सम्यक वाचा. रोज म्हणतो.

२७ डिसेंबर

केलं.

सकाळी. सगळ्यांसमोर. मुबारकबी होती, मॅडम होत्या. म्हणालो — तुझं बाळंतपण आम्हाला झेपत नाही. सासरी जा. पुन्हा येऊ नको.

शब्द नीट निघत नव्हते, जीभ जड. तरी कळले तिला.

अंगावरचं लुगडं बदलायला लावलं. मॅडमचं दिलं. नखं चांगुणाने कापली. पेटी नाही, गाठोडं नाही, रिकाम्या हाती. चांगुणा बरोबर गेली, माझ्याकडे न बघता. मुबारकबी म्हणाली, “बाप हायेस का कसाई?” मी ऐकून घेतलं.

प्रज्ञा एसटीत खिडकीशी बसली. पोटावर दोन्ही हात. रडत नव्हती. विचारलं फक्त — आप्पा, मी काय केलं?

मी तोंड उघडलं. सांगणार होतो. सगळं तयार होतं आत. जीभ वळेना. ओठ — लाळच आली नुसती. गाडी हलली. तिने तोंड फिरवलं. तिला वाटलं मी बोललो नाही. मुद्दाम.

आता इथे लिहून ठेवतो. कुणी तिला वाचून दाखवा. पेन दोन्ही हातांनी धरलंय. प्रज्ञा, तू काही केलं नाहीस. मी जे बोललो ते खोटं होतं, तुझं बाळ — तुझ्या बाळासाठी मी —